लिहून देणार

(पत्र मोठं होतं. वाचक बाईंच्या परवानगीनं थोडक्यात देते.)

"माझं वय 67. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, डोंबिवलीला असते. लॉकडाऊनमध्ये माहेरच्या आठवणी लिहायला बसले आणि बघता बघता पावणेदोनशे फुलस्केप पानं भरली. वाईचा आमचा वाडा, आजोबांचं सोवळं, अकरा माणसांचा स्वयंपाक एकटीनं रेटणारी आई, आम्ही तीन भावंडं, दादा, मी आणि धाकटी बहीण. आई 2012 साली गेली. मधे 2013 साली हक्कसोडपत्राच्या सहीसाठी एकदा वाईला जाऊन आले, बाकी त्या वर्षी विशेष काही घडलं नाही. 2016 साली वाडा पाडला, आता तिथं इमारत आहे. गेल्या वर्षी मला नात झाली, तिला आईचंच नाव ठेवलंय. माझं अडलंय ते शेवटाशी. आईच्या तेराव्यावर थांबू, वाडा पाडला तिथे, की नातीच्या बारशाशी? दादा म्हणतो, आईवरच संपव, पुढचं कशाला. तो देवमाणूस आहे, दर भाऊबीजेला स्वतः येतो. छपाईचा खर्चही तोच करणार आहे. तीनदा शेवट लिहिला, तीनदा फाडला. काय करू?"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा शेवटपर्यंत, दुसऱ्यांदा एका वाक्यापर्यंत. तिथून पुढे सरकलेच नाही. 'मधे 2013 साली हक्कसोडपत्राच्या सहीसाठी एकदा वाईला जाऊन आले, बाकी त्या वर्षी विशेष काही घडलं नाही.'

विशेष काही घडलं नाही!

अहो, इथे छापलं नाही, पण मूळ पत्रात तुम्ही आईच्या पाट्या-वरवंट्यावर अर्धं पान लिहिलंय. वरवंटा टेकवायला भिंतीत खोबण केली होती आणि तिच्यात एकदा विंचू निघाला, इथपर्यंत. आणि ती भिंत, ती खोबण, न्हाणीघराबाहेरचा प्राजक्त, या सगळ्यावरचा हक्क ज्या दिवशी सोडलात, त्या दिवसाला एक वाक्य. तेही 'मधे'. तीस वर्षं सरकारी कागद हाताळलेली बाई तुम्ही. 'मधे' या शब्दाखाली काय काय सरकवता येतं हे मी तुम्हाला सांगायला नको.

तो दिवस तुम्हाला आठवत नाही असं मला सांगू नका. मला आठवतो, कारण माझाही तसाच एक झाला. दुय्यम निबंधकाचं कार्यालय, जिन्यात उभे असलेले लोक, खाली झेरॉक्सवाला. मुद्रांकाचे कागद कुणीतरी आधीच तयार करून ठेवलेले, आपण फक्त 'इथे, आणि इथे, आणि मागच्या पानावर' करायचं. दोन साक्षीदार, त्यातला एक ओळखीचा नाही. नंबर पुकारला की आत जायचं, कॅमेऱ्याकडे बघायचं, यंत्रावर अंगठा टेकवायचा. भांडी घासून घासून माझ्या अंगठ्याच्या रेषाच उमटेनात. तिथला मुलगा म्हणाला, "मावशी, पुसून परत टेकवा." मी पदराला पुसला आणि परत टेकवला. बाहेर आल्यावर वहिनीनं भजी मागवली होती. संध्याकाळी निघताना साडी. मोरपंखी, खण वेगळा. ती मी कधी नेसले नाही आणि कुणाला दिलीही नाही.

तुम्हाला कुठली मिळाली?

आता त्या कागदाची गंमत सांगते, कारण तो तुम्ही वाचला नसणार. कुणीच वाचत नाही. त्यात दोन पक्ष असतात. एक 'लिहून घेणार', तिथे दादांचं नाव. दुसरा 'लिहून देणार', तिथे तुमचं. म्हणजे बघा, तुम्ही मला लिहिताय की हे पुस्तक माझं पहिलंच लिखाण. पहिलं कसं? पहिलं तर 2013 साली लिहून दिलंत, नोंदणीसह, त्याची नक्कल सरकारदफ्तरी जपून ठेवलीय. आणि त्याला शेवटही होता. अशा कागदांचा शेवट ठरलेला असतो: राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून दिले असे. एक शब्द तुमचा नाही, सही मात्र तुमची.

म्हणून हा शेवट तीनदा फाटला. लिहिता येत नाही म्हणून नव्हे. वरवंट्याची खोबण जिला दिसते तिला शेवट सुचत नाही, हे मला पटवून घ्यायचं नाही.

'तसाही मुलींना वाड्यात कुठे हक्क होता, नुसती औपचारिकता' असं तुम्ही पुढे एका ओळीत म्हणताय. हक्कच नव्हता तर सोडलंत काय? नसलेल्या गोष्टीचं सोडपत्र कुणी नोंदवून घेत नाही. वडिलांच्या हिश्शात मुलगी 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून वारस आहे आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीनं. तुम्ही सही केलीत तेव्हा तो बदल होऊन आठ वर्षं झाली होती. दादांना ते ठाऊक होतं. म्हणूनच तर तुम्हाला डोंबिवलीहून बोलावलं.

घाबरू नका, हिस्सा परत मागा असं मी म्हणत नाही. मी वकील नाही आणि तुम्ही मला तेही विचारलेलं नाही. तुम्ही पुस्तकाचा शेवट विचारलाय. तर ऐका: पुस्तक निबंधकाच्या कार्यालयात संपतं. त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही वाईच्या स्टँडवर परतीच्या गाडीची वाट बघत उभ्या असाल, तिथे. त्याच्या पुढे एक ओळ नको.

तुमचे तीन शेवट मी झटकून टाकते. नातीच्या नावात पणजीचं नाव हा बारशाचा विषय, पुस्तकाचा नाही. वाडा पाडला तेव्हा तुम्ही तिथे नव्हता, फोटो व्हॉट्सॲपवर पाहिलेत. शिवाय 2016 साली जो वाडा पडला तो दादांचा. तुमचा 2013 मध्येच गेला होता. राहिला आईचा तेरावा. त्यावर संपवलंत तर सगळे रडतील, दादा सगळ्यांत जास्त, आणि कुणी काही विचारणार नाही. नेमकं म्हणूनच त्यांना तो शेवट हवाय.

आणि दादा देवमाणूस आहेत हे तुम्ही पत्रात दोनदा सांगितलंत. असतील. मी त्यांच्या विरुद्ध नाही, त्यांच्याविषयी मला बोलायचंच नाही. पण छपाईचा खर्च ते करणार आणि शेवट कुठे ते तेच सुचवणार, म्हणजे पुन्हा एकदा ते लिहून घेणार आणि तुम्ही लिहून देणार. यावेळी भज्यांचा खर्च थोडा जास्त, एवढंच. पेन्शन आहे ना तुम्हाला? शंभर प्रती त्यातून काढा. पुठ्ठ्याची बांधणी नको, साधी चालेल.

माणूस गेलं की पुस्तक संपवायची आपल्याकडे जुनी सवय आहे. रमाबाई रानडे यांच्या आठवणी 1910 साली आल्या, त्या न्यायमूर्तींच्या 1901 सालच्या मृत्यूपाशी थांबतात. बाई स्वतः 1924 पर्यंत होत्या, सेवासदनाचा एवढा व्याप त्यांनी उभा केला, ते पुस्तकात नाही. त्यांनी ठरवूनच लिहिलं होतं पतीविषयी, तक्रार नाही. पण मी ते पुस्तक मिटते तेव्हा दर वेळी वाटतं, दुसऱ्या दिवशी सकाळी ही बाई उठून काय करत होती? उलट लक्ष्मीबाई टिळक. रेव्हरंड टिळक 1919 साली गेले, तरी लेखणी थांबली नाही, त्या मुलाबरोबर कराचीला गेल्या तेही 'स्मृतिचित्रे'त आलं. 1936 मध्ये त्या गेल्या तेव्हा शेवटचा भाग अपुरा होता, तो त्यांच्या मुलानं पुरा केला. अपुरं राहिलं म्हणून ते पुस्तक कुणी खाली ठेवल्याचं मी ऐकलेलं नाही.

लिहिताना एक पथ्य. दादांना बोल लावू नका. 'अन्याय' हा शब्द त्या प्रकरणात आला तर तो कागद चौथ्यांदा फाडा. सकाळी कितीच्या गाडीनं निघालात, डब्यात काय होतं, स्टँडवर कोण घ्यायला आलं, धाकटी बहीण तुमच्या आधी आत गेली की नंतर, बाहेर आल्यावर ती तुमच्याकडे बघत होती की चपला शोधत होती, एवढंच. ती तुमच्याशी त्याबद्दल नंतर कधी बोलली का? माझी पैज आहे, नाही. दोन बहिणी, एकाच टेबलावर एकामागून एक अंगठा देतात आणि इतकी वर्षं त्यावर अवाक्षर नाही. तुमच्या पावणेदोनशे पानांत तिच्यावर किती पानं आहेत? पत्रात तर फक्त 'धाकटी बहीण', एवढाच तिचा उल्लेख. तिला फोन करा. दादांना नव्हे, तिला. विचार घ्यायला नको, आठवण घ्यायला. तुम्हाला जे आठवत नाही ते तिला आठवत असेल, बहुधा खर्चासकट.

त्या दिवशी वाड्यात पाऊल टाकलंत का, हेही मला कळलं नाही. की कार्यालयातूनच परस्पर परत? टाकलं असेल तर स्वयंपाकघरात गेला होतात का? खोबण होती का अजून? हे प्रश्न तुमच्या पुस्तकाचे आहेत आणि त्यांची उत्तरं महाराष्ट्रात दोनच बायकांकडे आहेत.

दादा रागावतील. येत्या भाऊबीजेला येणार नाहीत कदाचित. मग तुम्ही जा, पुस्तकाची प्रत घेऊन. ओवाळा आणि हातात द्या. वाचून ते काय म्हणतात याची जबाबदारी तुमच्यावर नाही, त्यांचंही वय झालंय, वाचू शकतात.

येत्या रविवारी दुपारी, घरातले झोपले की, कपाटातली ती साडी खाली काढा. नसेलच दिली कुणाला, मला खात्री आहे. पलंगावर ठेवा आणि शेजारी बसून प्रकरणाचं पहिलं वाक्य लिहा, त्यात तिचा रंग येऊ द्या. बहिणीला फोन कराल तेव्हा तिला तिच्या साडीचाही विचारा. दोन्ही एकाच थानातल्या निघाल्या तर मला लगेच कळवा.