आधी तीन सॉलिटॉन हातानं कर, मग बोलू

बेटा,

तुझा मेसेज रात्रीच वाचला होता, उत्तर आता लिहून राहिलो कारण लाइट गेली होती अन् मे महिन्यात नागपुरात कूलर बंद म्हणजे डोकंही बंद. तू विचारलंस की सर, आधी काक-मूडी अलजेब्राचं (सिमेट्रीच्या, बहुधा अनंत मितीच्या, रचनांचं) पुस्तक पूर्ण संपवू का अन् मग सॉलिटॉनकडे, म्हणजे आकार न बदलता धावणाऱ्या एकट्या लाटांकडे, वळू? नको. उलटं कर.

मी तुझ्यासारखंच केलं होतं म्हणून सांगतो. दोन वर्षं नुसत्या व्याख्या, रूट सिस्टिम, कार्टन मॅट्रिक्स, सेंट्रल एक्स्टेन्शन, चार वह्या भरल्या, अन् एका इंटरव्ह्यूत समोरच्यानं सहज विचारलं की बरं, याचा केडीव्ही समीकरणाशी, म्हणजे उथळ पाण्यातल्या लाटांच्या समीकरणाशी, संबंध काय, तर तोंडातून शब्द निघेना. वह्या आहेत अजून, माळ्यावर.

तर एक कोरी वही घे. पहिल्या पानावर केडीव्ही लिही (यू लाटेची उंची, एक्स जागा, टी वेळ): यूचं टी-डेरिव्हेटिव्ह, अधिक ६ गुणिले यू गुणिले यूचं एक्स-डेरिव्हेटिव्ह, अधिक यूचं तिसरं एक्स-डेरिव्हेटिव्ह, बरोबर शून्य. खाली लाल पेननं लिही, "अधिक ६". काही पुस्तकांत उणे ६ असतं, तू अर्धं इथून अर्धं तिथून उचलशील अन् तीन दिवस चूक शोधत बसशील, सगळेच बसतात. मग जपानी गणितज्ञ हिरोटाची १९७१ ची युक्ती: टाऊ नावाचं एक मदतनीस फंक्शन घे, यू म्हणजे टाऊच्या लॉगचं दुसरं एक्स-डेरिव्हेटिव्ह, गुणिले २. टाऊ म्हणजे १ अधिक ईचा ईटा घात, अन् ईटा म्हणजे पी-एक्स वजा पी-घन-टी, पी कोणताही धन आकडा. झाला एक सॉलिटॉन. उंची पी-वर्गाच्या निम्मी, वेग पी-वर्ग, म्हणजे लाट जितकी उंच तितकी जोरात पळते.

(ही लाट स्कॉट रसेलनं १८३४ मध्ये एडिंबराजवळच्या कालव्यात पाहिली अन् घोड्यावरून तिचा पाठलाग केला. अंबाझरी तलावाच्या काठावर बसून ती दिसेल म्हणून जाऊ नको, तिला अरुंद, उथळ पाणी लागते. संध्याकाळी फिरायला जा, ते वेगळं.)

आता दोन घे, पी १ अन् २. टाऊमध्ये दोन ई येतात अन् त्यांच्या गुणाकारापुढे एक आकडा बसतो, दोन पींची वजाबाकी भागिले बेरीज, त्याचा वर्ग, इथं १/९. मोठी लाट २ उंच, छोटी अर्धी. मागून येऊन मोठी छोटीला गाठते तेव्हा उंची किती होत असेल? सगळे म्हणतात अडीच, मीही म्हटलं होतं, पण येते दीड. करून पाहा, माझ्यावर विश्वास ठेवू नको. नंतर दोघी आपापल्या आकारात बाहेर पडतात, फक्त मोठी साधारण १.१ पुढे सरकलेली असते अन् छोटी २.२ मागे. हे सरकणं त्या १/९ च्या लॉगमधून येते, नॉनलिनिअर भांडणाचा तेवढाच काय तो पुरावा मागे उरतो.

पण दोनवर खूश होऊन थांबू नको, इथंच बहुतेकजण फसतात! यूऐवजी टाऊत लिहिलेलं समीकरण म्हणजे हिरोटाचा साचा, त्या साच्यात केडीव्हीसारखं सम घातांचं पॉलिनॉमिअल घातलं की दोन सॉलिटॉन फुकटात मिळतात, समीकरण इंटिग्रेबल (म्हणजे पूर्ण सोडवता येणारं) असो नसो. खरी परीक्षा तिसऱ्याला. पी १, २, ३ घे. जोड्यांचे आकडे १/९, १/४, १/२५, अन् तिघींच्या गुणाकारापुढे नवीन काही न येता याच तिघांचा गुणाकार यायला पाहिजे, १/९००. ते समीकरणात टाकून शून्य येतं का पाहा. पान-दीड पान लागेल, चुकशील, पुन्हा कर. कॉम्प्युटरला नंतर विचार. अन् शून्य आलं की आपोआप वाटेल की काहून? कोणी सांगितलं होतं या समीकरणाला, चार घे, चाळीस घे, तरी जोड्यांवरच भागव?

हा प्रश्न छळायला लागला की मग अलजेब्राचं पुस्तक उघड. काक अन् मूडी यांनी १९६८ च्या सुमारास वेगवेगळे राहून या अलजेब्रा मांडल्या, लाटांशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. १९७८ मध्ये लेपोव्स्की अन् विल्सन यांनी त्यातल्या सगळ्यात लहान अफाइन (काक-मूडीतलाच एक प्रकार) अलजेब्रासाठी डेरिव्हेटिव्हच्या अनंत सिरीजचा एक ऑपरेटर लिहिला, व्हर्टेक्स ऑपरेटर. पी अन् क्यू असे दोन ऑपरेटर एकामागे एक ठेव, डेरिव्हेटिव्ह सगळे उजवीकडे सरकव, तर बाहेर काय पडतं? वजाबाकी भागिले बेरीज, त्याचा वर्ग. तुझाच १/९! ती विषम घातांची सिरीज बेरीज करून लॉग कसा होतो हे स्वतः कर, ते हातचं सोडू नको. अन् पी बरोबर क्यू केलं की शून्य, म्हणून ऑपरेटरची एक्स्पोनेन्शियल दोन पदांतच संपते, म्हणून टाऊ १ पासून सुरू होतो अन् दर वेळी एकेक लाट जोडत जातो. क्योटोच्या साटो, डाटे, जिम्बो, काशिवारा, मिवा या मंडळींनी १९८१ पासून पुढे हे सगळं उलगडलं, की टाऊ फंक्शन म्हणजे १ वर या अनंत मितीच्या ग्रुपनं केलेली करामत, अन् हिरोटाचं समीकरण म्हणजे त्या करामतीतून १ जिथं जिथं पोचतो त्या ऑर्बिटची ओळखखूण. हे आता तुला वाक्य म्हणून कळेल, १/९०० नंतर पोटात कळेल.

लॅक्स पेअर, इन्व्हर्स स्कॅटरिंग, या केडीव्हीकडे जायच्या दुसऱ्या वाटा, त्याही लागतील, पण पावसाळ्यात.

रविवारी सकाळी शंकरनगरला ये, तर्री-पोहे मी खाऊ घालतो. वही आण. चुकलेली पानं फाडू नको, तीच मला आधी पाहायची आहेत.

तुझा सर