लेकीचा पहिला सामन

प्रश्न : सिअ‍ॅटलला राहतो. ऑगस्टमध्ये आई-बाबा आणि नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन छोट्या बोटीतून सामन मासा धरायला जावं म्हणतो. काय बघावं?

उत्तर : साल विषम असेल तर बिनधास्त निघा. प्युजेट साउंडमध्ये, म्हणजे सिअ‍ॅटलजवळच्या खाडीत, पिंक जातीचा सामन विषम वर्षीच झुंडीनं येतो. लेकीच्या गळाला तोच लागेल. परवाना 15 वर्षांपासून पुढे. नुसतं बसून सूचना करणाऱ्या बाबांना नको! गळाला उलटा काटा चालत नाही. चिनूक, म्हणजे सामनचीच दुसरी जात, लागला तर शेपटीअलीकडचा पाठीवरचा चिमुकला पर बघा. कापलेला असेल तर हॅचरीतला, म्हणजे मत्स्यपैदास केंद्रातला. शाबूत असेल तर बहुधा सोडावा लागतो, तोही पाण्यातच, बोटीत न घेता. लेकीला लाइफ जॅकेट सक्तीचं. आईंना मळमळीची गोळी निघण्याआधीच द्या. पिंक मऊ पडतो, लगेच साफ करून बर्फात घाला.