गावच्या युद्धस्मारकावर नाव असलेल्या शिपायाचं पुढं काय झालं, हे कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की गावच्या स्मारकावर एका शिपायाच्या नावापुढं 'बसरा' एवढंच कोरलंय, आणि म्हातारी माणसं सांगतात की तो तिकडंच राहिला, त्याला परत यायचंच नव्हतं. या दुसऱ्या गोष्टीसाठी लिहायला बसलोय. माझ्या पणजोबांबद्दल आमच्या भावकीत हेच बोललं गेलं, तीन पिढ्या.

आधी 'बसरा'चं सांगतो. नावापुढं बसरा आहे म्हणजे तो बसऱ्यात मेला असं नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, जे मेले आणि ज्यांची कबर माहीत नाही, अशा चाळीस हजारांवर लोकांचं स्मारक बसऱ्याला आहे. कुणीतरी यादीत स्मारकाचं नाव वाचलं आणि ते मरणाचं ठिकाण समजून फरशीवर उतरवलं, असं बहुधा झालेलं असतं. त्या स्मारकाच्या भिंतीवर आपल्या साध्या शिपायांची नावंही कोरली नव्हती. अधिकाऱ्यांची नावं, बाकीच्यांचा पलटणीगणिक नुसता आकडा. शिपायांची नावं नोंदवहीत राहिली. ती आता कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) संकेतस्थळावर शोधता येतात.

तिथं नावानं शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. इंग्रज कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय. महादूचा माडू होतो, आडनाव कधी असतं कधी नसतं, बापाचं नाव नुसतं 'रामजी'. नंबर शोधा. शिपायाचा नंबर आणि पलटण.

आमच्याकडं नंबर देव्हाऱ्यात होता. आजीच्या देव्हाऱ्यात खंडोबा, भवानी, वीर यांच्या टाकांबरोबर एक गोल चांदीचं पदक होतं. एका बाजूला घोड्यावरचा माणूस. आम्ही पोरं त्याला खंडोबाच समजत होतो, पणजीनंही तो तसाच पुजला असावा. वर्षानुवर्षं चिंच-राखेनं घासून घोडेस्वाराचं तोंड सपाट झालं होतं आणि मागचा राजा नुसत्या सावलीएवढा उरला होता. पण पदकाच्या कडेला कुणी घासत नाही. तिथं गंध-कुंकू साचून काळी पुटं चढली होती. कोमट पाण्यात भिजवून मऊ ब्रशनं काढली, मग पातळ कागद गुंडाळून वरून पेन्सिल फिरवली. आकडे उमटले, मग सिपॉय, मग नाव, मग ११० मराठा. ते आकडे उमटताना माझा हात थरथरत होता.

नंबर आणि पलटण टाकल्यावर नोंद पाच मिनिटांत सापडली. वडिलांचं नाव जुळलं, गाव जुळलं, तालुका जुळला. मृत्यू ऑक्टोबर १९१६.

११० वी पलटण कुठं होती हे छापील इतिहासात मिळतं. ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर ती डिसेंबर १९१५ मध्ये मेसोपोटेमियातल्या कूत-अल-अमारा गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली. १०३ वी आणि ११७ वी मराठा पलटणही तिथंच. वेढा १४७ दिवस चालला. शेवटी घोडी कापून खायची वेळ आली, आणि आपल्यातल्या पुष्कळांनी ते मांस बरेच दिवस तोंडाला लावलं नाही. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. उपाशी, आजारी माणसांना वाळवंटातून मोसुलच्या वाटेनं चालवत नेलं आणि त्यांतल्या पुष्कळ हिंदी शिपायांना रास-अल-ऐनला, म्हणजे आजच्या सीरियात, रेल्वेच्या कामाला जुंपलं. ऑक्टोबर १९१६ म्हणजे पणजोबा कैदेत मेले.

आणि गावात काय सांगितलं जात होतं? बसऱ्यात दुसरं घर केलं. पणजीनं बरीच वर्षं कुंकू पुसलं नाही. तो गेला असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं, तर ती पुसणार कशाला? भावकीनं त्याचाच पुरावा केला: हिला ठाऊक आहे तो जिवंत आहे, म्हणून मिरवते. मी दहा वर्षांचा असताना एका लग्नाच्या पंगतीत चुलत आजोबांनी माझ्या आजोबांना सगळ्यांसमोर 'परागंदाचा पोर' म्हटलेलं मी ऐकलंय. आजोबा वाढलेलं ताट सोडून उठले.

म्हणून नोंद सापडल्यावर मी तिथं थांबलो नाही. तालुक्याच्या एका कचेरीत पाच खेपा मारून जुने फेरफार (जमीन कुणाच्या नावावर गेली त्याच्या नोंदी) काढले. मोडी वाचणारे एक गुरुजी शेजारच्या गावात मिळाले. १९२१ च्या फेरफारात लिहिलंय: खातेदार लढाईवर मयत, वारस अज्ञान मुलगा, अ.पा.क. आई (म्हणजे मुलगा वयानं लहान, पालक आई). आणि जबाब देणार कोण? पणजोबांचा थोरला भाऊ. खाली त्याचा अंगठा. भाऊ मेला हे त्याला १९२१ साली माहीत होतं, तलाठ्यापुढं त्यानंच सांगितलं होतं, आणि घरी मात्र तो पळाल्याची गोष्ट चालू ठेवली. त्या बाईला कुंकू लावू दिलं आणि त्याच कुंकवावरून नावं ठेवली.

तेव्हा म्हाताऱ्या माणसांचं ऐका, पण लिहून घेताना कोण सांगतंय आणि त्याच्या घरात कुणाची जमीन आली हेही लिहा. बेपत्ता म्हणजे पळालेला नव्हे. पळून गेलेल्याच्या घरी सरकार पदक पाठवत नाही.

आता राहिलेलं भराभर. पदक नसेल (चांदीचं म्हणून पुष्कळ घरांनी मोडलं) तर पितळी रंगाची, बशीएवढी मोठी गोल चकती आहे का बघा. ती मेलेल्यांच्या घरच्यांना यायची. तिच्यावर नाव असतं, नंबर नसतो. जिल्हा त्या काळातला धरा: सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीतच होता, आणि सांगलीकडची बरीच गावं १९४९ पर्यंत साताऱ्यात. पलटणींचे आकडे १९२२ ला बदलले, ११० वी पुढं पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली. लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये पलटणींच्या युद्ध-डायऱ्या आहेत, पण त्यांत शिपायाचं नाव शोधत बसू नका. तिथं 'तीन शिपाई ठार' एवढंच येतं. लाहोरला सापडलेल्या, शिपायांची नावं असलेल्या रजिस्टरांचं कुणी सांगेल. ती पंजाबची आहेत.

तुमचा शिपाई दुसऱ्या महायुद्धातला असेल तर यातलं निम्मं लागू नाही. मग इटली, ब्रह्मदेश, सिंगापूर इथली स्मारकं बघावी लागतील. आणि तो शिपाई नसून हमाल किंवा खेचरवाला म्हणून गेला असेल तर कागद फार थोडे मिळतात. खरंच पळालेले शिपाईही होते, हे मी नाकारत नाही.

चुलत काकांना मी फेरफाराची नक्कल नेऊन दाखवली. जमीन नको, फक्त गावच्या स्मारकावर शेवटी, वेगळ्या रंगात घातलेलं आमचं नाव ओळीत घ्या आणि पुढं 'कूत, १९१६' लिहा, एवढंच मागितलं. त्यांनी चष्मा लावून अंगठा दोनदा बघितला आणि कागद घडी घालून परत दिला. ग्रामपंचायतीतला माझा अर्ज अजून तसाच आहे.

तुमच्या शिपायाच्या मागं बायको राहिली होती का, आणि तिच्या माहेरी आज कोण आहे, हे आधी विचारा. पदक, पेन्शनचा कागद, पत्र, जे काही उरलं असेल ते तिच्याबरोबर तिकडं गेलेलं असू शकतं. नंबर मिळाला की इथंच खाली लिहा, मी शोधून देतो.