बारावी पुन्हा द्यायची का? हिशेब फक्त क्लासच्या फीचा नाही

बार्शीहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. ते जिल्हा परिषदेत वरिष्ठ सहायक आहेत, वय ५२. मुलाने यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, 'इंटिग्रेटेड' कॉलेजातून, म्हणजे कॉलेज आणि जेईईचा क्लास एकत्र असलेल्या ठिकाणाहून, बारावी केली. जेईई मेन या देशपातळीवरच्या इंजिनीअरिंग प्रवेश परीक्षेत ९८.१ पर्सेंटाइल, पण बारावीला ६३ टक्के. एनआयटीला, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांना, बारावीचे ७५ टक्के लागतात, त्यामुळे नागपूरच्या व्हीएनआयटीचं दार बंद झालं. बोर्डाच्या टॉप २० पर्सेंटाइलमध्ये येणाऱ्यांना ७५ टक्क्यांतून सवलत असते, तीही बसत नाही, हे त्यांनी तपासलं आहे. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेवर पुण्याच्या एका खासगी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सची जागा मिळते आहे. मुलगा म्हणतो, वर्ष घेतो, बोर्ड पुन्हा देतो, जेईई पुन्हा देतो, पण व्हीएनआयटीत इलेक्ट्रॉनिक्सलाच जातो. पुण्यातल्या क्लासचे १,६०,००० आणि हॉस्टेल-मेसचे अकरा महिन्यांचे १,२१,०००. वहीच्या पानावर त्यांनी बेरीज मांडली आहे आणि खाली कार्यालयाच्या सवयीने लिहिलं आहे : 'अक्षरी रुपये दोन लाख एक्क्याऐंशी हजार फक्त.' प्रश्न एकच : साडेचार लाखांची एफडी मोडू का?

नमस्कार. तुमच्या त्या 'फक्त'वरच आधी बोलायचं आहे, पण त्याअगोदर टक्के नीट मोजू.

एनआयटीच्या जागा वाटणारी जोसा ही यंत्रणा सहा विषय धरत नाही, पाचच धरते : फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, एक भाषा आणि आणखी कुठलाही एक विषय. तुम्ही पाठवलेल्या गुणपत्रिकेत फिजिक्स ५९, केमिस्ट्री ६१, गणित ६८, इंग्रजी ५८, मराठी ७६. बेरीज ३२२, म्हणजे ६४.४ टक्के. बायोलॉजीचे ५६ सोडून दिले की टक्का थोडा वर जातो. ७५ टक्क्यांना ३७५ हवेत. तुमचा मुलगा ५३ गुणांनी मागे आहे.

आता फिजिक्सकडे बघा. शंभरातले ३० प्रात्यक्षिकाचे. ते मुलांना बहुधा जवळजवळ पूर्ण मिळतात. म्हणजे लेखीत ७० पैकी जेमतेम तीस. पंधरा लाखांच्या आसपास मुलं बसतात त्या परीक्षेत ९८ पर्सेंटाइल काढणाऱ्याला बोर्डाच्या फिजिक्समध्ये ७० पैकी ३०! याला विषय येत नाही असं कोण म्हणेल? त्याला सिद्धता लिहून काढायची, आकृती काढून नावं द्यायची, तीन गुणांच्या प्रश्नाला तीन मुद्दे लिहायचे, ही सवयच लागलेली नाही. दोन वर्षं त्याने फक्त पर्याय निवडले. इंटिग्रेटेडमध्ये बोर्डाकडे कुणी बघत नाही, आणि हे तिथे प्रवेश घेताना कुणी सांगतही नाही.

ही ५३ गुणांची उणीव भरायला १,६०,००० चा क्लास लागत नाही. बालभारतीची पुस्तकं, मागच्या प्रश्नपत्रिका आणि पेपर तपासून देणारे बार्शीतलेच एखादे निवृत्त सर एवढ्यावर ते होईल. गुण वाढवायला परीक्षा पुन्हा देण्याची मंडळाची श्रेणीसुधार योजना आहेच, पुढच्या फेब्रुवारीत तो बसू शकतो. तेव्हा बोर्डाची मला काळजी नाही.

काळजी जेईईची आहे. यंदाचे ९८.१ पुढच्या वर्षी चालत नाहीत, ते पुन्हा मिळवावे लागतात. आणि मिळवले तरी काय पदरात पडतं? ९८.१ म्हणजे अठ्ठावीस हजारांच्या आसपासचा क्रमांक. महाराष्ट्राच्या कोट्यातूनही या क्रमांकावर व्हीएनआयटीत इलेक्ट्रॉनिक्स मिळत नाही, त्याला बरंच वर जावं लागतं. मिळाली तर मायनिंग, मेटलर्जी, फार तर सिव्हिलच्या आसपासची जागा. म्हणजे बोर्डाचे ५३ गुण भरून काढले तरी हवी ती शाखा हाताला लागत नाही, त्यासाठी पर्सेंटाइल ९९ च्या पुढे न्यावं लागेल. मुलाला व्हीएनआयटी हवी आहे की इलेक्ट्रॉनिक्स, हे त्याला विचारलंत का? पत्रात दोन्ही एकाच वाक्यात आलं आहे.

पैशांकडे येतो. तुम्ही लिहिलंत, 'सरकारी कॉलेज मिळालं तर पुढची चार वर्षं स्वस्तात होतील, क्लासचे पैसे वसूल होतील.' हे गृहीतक मला मान्य नाही. एनआयटीची शिकवणी फी सत्राला ६२,५००, वर्षाला सव्वा लाख. पाच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना त्यात मोठी सूट आहे, पण तुमचं ढोबळ वेतन ६४,००० म्हणजे वर्षाला ७,६८,०००, तुम्ही त्यात बसत नाही. हॉस्टेल, मेस आणि इतर फी धरून दोन लाखांच्या आसपास जाणारच.

पुण्याची जागा बघा. फी १,४८,०००, त्यात शिकवणी फी १,३२,०००. कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश आणि कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, म्हणून राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत, ज्याला आपण ईबीसी म्हणतो, शिकवणी फी निम्मी. तुम्ही भरायचे ८२,०००. हॉस्टेल-मेस १,२०,०००. एकूण २,०२,०००. म्हणजे खासगी आणि सरकारी तुमच्या घरापुरते एकाच भावात पडतात. वसुली कसली?

त्यातही एक मेख आहे. दर जुलैला तीन टक्के वेतनवाढ, वर महागाई भत्ता. ७,६८,००० चे आठ लाख व्हायला तुम्हाला एक वर्षही लागणार नाही. पुढच्या वर्षी व्हीएनआयटी हुकली आणि मुलगा पुन्हा कॅपमध्ये उतरला, तर हीच जागा पूर्ण फीत घ्यावी लागेल अशी शक्यता आहे. यंदाचा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जपून ठेवा. शिष्यवृत्तीचे महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून मिळणारे पैसे मात्र उशिरा येतात, तेवढी रक्कम हाताशी असू द्या.

आता त्या 'फक्त'कडे. तुमची मुलगी नववीत आहे. ती २०२९ मध्ये बारावी होईल. मुलगा यंदा गेला तर २०२९ च्या उन्हाळ्यात त्याचं शिक्षण संपतं आणि ऑगस्टमध्ये तिचं सुरू होतं. एक उतरतो, दुसरी चढते. मुलाने वर्ष घेतलं तर तो २०३० ला संपतो, आणि २०२९–३० हे वर्ष दोघांच्या फीचं होतं. पत्रातल्या बेरजेत हे वर्ष कुठेच नाही.

आकडे मांडतो, व्याज आणि फीवाढ दोन्ही बाजूला ठेवून, आणि पुण्याची निम्मी फी चारही वर्षं मिळेल असं धरून. हातात ५४,०००, गृहकर्जाचा हप्ता १५,८००, घरखर्च २६,०००. महिन्याला बारा हजार उरतात, वर्षाला १,४४,०००. पुण्याला वर्षाला ५८,००० कमी पडतील, चार वर्षांत २,३२,०००. एफडीत २०२९ ला दोन लाखांहून थोडे जास्त शिल्लक, आणि मुलगा कमावता. कर्ज नाही. दुसरा रस्ता : फॉर्म, प्रवास धरून हे वर्ष तीन लाखांचं. वर्षभराची बचत भरली तरी एफडी २,९४,००० वर येते. पुढची चार वर्षं साठेक हजार दरसाल त्यातून गेले की राहतात पन्नास-पंचावन्न हजार, आणि त्याच काळात मुलीचं पहिलं वर्ष दारात. तिचे दीड लाख धरले तर लाखभर कमी पडतात. तेव्हा तुम्ही पीपीएफला हात लावाल किंवा घरातलं सोनं निघेल, आणि मुलीला सांगितलं जाईल, 'तू सोलापूरलाच घे.' असं बोलताना मी बऱ्याच घरांत ऐकलं आहे, आणि ते मुलीलाच सांगितलं जातं. (तिच्या प्रवेशाच्या वेळीही उत्पन्न मर्यादेत राहिलं आणि ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचा, दाखला तुम्हाला मिळत असेल तर तिच्यासाठी काढाच. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) मुलींना २०२४–२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी पूर्ण माफ आहे.)

तुमची जुनी पेन्शन आहे, त्यामुळे २०३१ च्या निवृत्तीची भीती मी घालणार नाही. मुलाची नोकरी वर्षभर लांबेल, हेही मी फार धरत नाही. अठराव्या वर्षी एक वर्ष जाणं म्हणजे आभाळ कोसळणं नाही.

माझं मत : एफडी मोडू नका, पुण्याची जागा घ्या. व्हीएनआयटीच डोक्यात असेल तर पदवीनंतर गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.टेक.ला जाता येतं, आणि तिथे महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. म्हणजे तीच इमारत, पण पैसे उलट दिशेने.

मुलगा तरीही अडून बसला तर एकच सूट देईन. बार्शीत घरी राहून, सत्तर हजारांच्या आत : चाचणी मालिका, पेपर तपासणारे सर, दोन्ही जेईईचे फॉर्म, फेब्रुवारीची श्रेणीसुधार. एवढ्यात एफडीला हातही लागत नाही, वर्षाच्या बचतीतून भागतं. मुलीचं वर्ष तेव्हाही दुहेरी होईल, पण एफडी शाबूत असेल. कॉलेजात नाव घालून मागच्या बाकावर जेईई करायची, तो 'अर्धा ड्रॉप' मात्र नको, त्यात फीही जाते आणि पहिल्या वर्षाचे विषयही राहतात.

आज ठरवायची घाई नाही. जागा पक्की करा, फी भरा. कॅपच्या वेळापत्रकात प्रवेश रद्द करायची शेवटची तारीख छापलेली असते, तोवर रद्द केला तर हजार रुपये कापून फी परत मिळते. तेवढ्या दिवसांत त्याला घरी बसवून फिजिक्सचा मागच्या वर्षीचा बोर्डाचा पेपर घड्याळ लावून तीन तास लिहायला लावा, आणि तो बार्शीतल्याच कुठल्या तरी शिक्षकांकडून तपासून घ्या.