आमदारांनी प्रश्न विचारला, मग पऱ्हाटी ठेवायची की उपटायची?

या आठवड्यात आलेल्या प्रश्नांमधले निम्मे शेतीचे कमी आणि विधिमंडळाचे जास्त होते. त्यातला पहिला बऱ्याच गावांतून, थोड्याफार फरकाने, आला: "साहेब, आमच्या आमदारांनी नागपूरच्या अधिवेशनात बोंडअळीवर लक्षवेधी (तातडीच्या विषयाची सूचना) मांडली. मंत्री म्हणाले, पंचनामे करू, मदत देऊ. मग पंचनामा होईपर्यंत कपाशीची पऱ्हाटी उभीच ठेवायची ना? आणि पैसे खात्यात कधी पडतील?"

भाऊ, पऱ्हाटी ठेवू नका. डिसेंबरअखेर शेत मोकळं झालं पाहिजे. आमदारांनी विषय लावून धरला हे चांगलंच झालं, पण अधिवेशनाचं वेळापत्रक वेगळं आणि अळीचं वेगळं. अळी काही मंत्र्यांच्या उत्तरासाठी थांबत नाही.

गुलाबी बोंडअळीचं खरं घर कपाशीच. हंगाम सरत आला की अळी सुप्तावस्थेत जाते: किडक्या बोंडात, दोन सरक्या चिकटवून केलेल्या खोलीत, खाली पडलेल्या पाल्यात. शेत डिसेंबरअखेर मोकळं केलं की तिची साखळी तुटते. पण ओलिताची सोय आहे म्हणून फरदड घेतली (वेचणी झाल्यावरही तेच पीक पुढे राखलं), की तिला आणखी एक-दोन पिढ्या फुकट मिळतात आणि जूनमध्ये पेरलेल्या कपाशीच्या पहिल्या फुलातच डोमकळी (अळीनं आतून बांधलेली, नीट न उमलणारी कळी) दिसते. धुऱ्यावर (बांधावर) सरपणासाठी रचलेल्या पऱ्हाट्या म्हणजे तर तिचं गोदामच. मदतीच्या आशेनं महिनाभर पीक उभं ठेवलं आणि मदत मिळालीही, तरी पुढच्या वर्षी फवारणीत ती परत जाते.

आता पैशाचं. इथं थोडं आमच्या, म्हणजे कृषी कार्यालयाच्या, बाजूचं सांगतो, कारण ते गावात कोणी सांगत नाही.

आमदार सभागृहात प्रश्न विचारतात तेव्हा मंत्री खिशातून उत्तर काढत नाहीत. तारांकित प्रश्न (सभागृहात तोंडी उत्तराचा) छापील असतो: "अमुक तालुक्यात बोंडअळीने कपाशीचे नुकसान झाले आहे, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" तो कागद मंत्रालयातून आयुक्तालयात, तिथून जिल्ह्याला, आणि शेवटी माझ्या टेबलावर येतो. माहिती "आजच्या आज" हवी असते. मग मी काय बघतो? आवक नोंदवही. तीत ज्या तक्रारी असतील तेवढंच नुकसान कागदावर झालेलं असतं.

एका वर्षी असा प्रश्न आला, तेव्हा सगळं गाव मला चौकात थांबवून बोंडं फोडून दाखवत होतं. नोंदवहीत अर्ज निघाले अकरा. उत्तर गेलं, "अंशतः खरे आहे." पुढच्या भागाला "प्रश्न उद्भवत नाही." आमदारांनी उपप्रश्न विचारले, पण हातात आकडे नव्हते. तेव्हापासून तोंडी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मी चहा देतो आणि सोबत कोरा कागदही देतो.

आणि मंत्र्यांनी सभागृहात आकडा जाहीर केला म्हणजे तेवढे पैसे आले, असंही नाही. २०१७ आठवा. बोंडअळीवरून त्या डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात चांगलंच वातावरण तापलं होतं आणि तेव्हाचे कृषिमंत्री पांडुरंग फुंडकर यांनी मदत जाहीर केली: कोरडवाहू कपाशीला हेक्टरी ३०,८०० रुपये, ओलिताला ३७,५००. ऐकायला मोठा आकडा. फोड मात्र अशी होती: आपत्ती निधीतून कोरडवाहूला ६,८०० आणि ओलिताला १३,५००, पीक विम्यातून ८,०००, आणि बियाणे कंपन्यांकडून १६,०००. म्हणजे कोरडवाहूवाल्याच्या मदतीतला निम्म्याहून मोठा वाटा सरकारच्या तिजोरीतला नव्हताच. आपत्ती निधीचा भाग हप्त्याहप्त्यानं आला. विमा ज्यांनी काढला होता त्यांच्यापुरता, तोही मंडळाच्या उंबरठा उत्पन्नावर, म्हणजे सगळ्या मंडळाचं सरासरी उत्पन्न ठरलेल्या पातळीखाली गेलं तरच. कंपन्यांचा भाग सुनावण्यांत आणि न्यायालयात अडकला. त्या भागासाठी कापूस बियाणे कायद्याखालची तक्रार लागत होती, तीच ती 'जी फॉर्म'ची (तक्रारीचा ठरलेला नमुना). तिला पावती हवी, पाकीट हवं, टॅग हवा. जूनमध्ये पेरून पाकीट धुऱ्यावर फेकलेलं, ते डिसेंबरात कुठून आणायचं?

म्हणून मंत्र्यांनी घोषणा केली की एवढंच विचारा: हा पैसा कोणाच्या खिशातला, आणि त्यासाठी माझ्याकडचा कोणता कागद लागतो. आपत्ती निधीसाठी ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान, सातबारा आणि ई-पीक पाहणीत कपाशीची नोंद. पाहणीत सोयाबीन टाकलं असेल आणि शेतात कपाशी असेल, तर पंचनाम्याला आलेल्या तिघांच्याही (तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक) हाती काही राहत नाही. विम्याच्या अटी दरवर्षी बदलतात. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाचा विमा बंद झाला, कपाशीला शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंत आहे आणि भरपाई मंडळातल्या निवडक शेतांवरच्या पीक कापणी प्रयोगावर ठरते. तिथं तुमच्या एकट्याच्या शेताचा पंचनामा फारसा उपयोगाचा नाही.

तर या आठवड्यात काय करायचं? लेखी अर्ज द्या: गट नंबर, क्षेत्र, वाण, पेरणीची तारीख. मग सहायक कृषी अधिकाऱ्याला (आपला कृषी सहायकच, नाव बदललंय) बोलावून शेतात तिरपं चालत वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडं तोडा आणि तिथंच फोडा. बाहेरून बोंड धडधाकट दिसतं, फसू नका. किती बोंडांत अळी निघाली ते अर्जावर लिहून दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. फोटो घ्या, तारीख आणि ठिकाण उमटेल असे. पाकीट, टॅग, पावती असेल तर एका पिशवीत घालून ट्रंकेत ठेवा. एवढं झालं आणि आठ दिवसांत कोणी फिरकलं नाही, तर मागं वळून बघू नका. शेवटचा वेचा घ्या, दोन-चार दिवस शेळ्या-मेंढ्या सोडा, उरलेली बोंडं त्या साफ करतात, मग पऱ्हाटी उपटा. गावात श्रेडर असेल तर बारीक करून तिथंच मिसळा. मी स्वतः पऱ्हाटी जाळायला सांगत नाही. मात्र धुऱ्यावर रचून ठेवण्यापेक्षा काहीही बरं.

दुसरा प्रश्न फवारणीचा: "आमदारांनी विषारी औषधांवर बंदीची मागणी केली. मग लाल त्रिकोणाचं औषध आता दुकानात चालतं का?"

डब्याच्या लेबलवरचा लाल त्रिकोण ही बंदीची खूण नाही. सर्वांत जहाल वर्गाची ती खूण. त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. आणि आमदार मंत्र्यांना कितीही धारेवर धरोत, राज्याच्या हातात मर्यादित गोष्ट आहे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या कलम २७ नुसार राज्य सरकार एखाद्या औषधाची विक्री आणि वापर ६० दिवस थांबवू शकतं, चौकशी पुरी झाली नसेल तर आणखी ३० दिवस. कायमची बंदी केंद्राची. म्हणून मुंबई-नागपुरात हा प्रश्न आला की उत्तर ठरलेलं असतं, "केंद्र शासनास शिफारस करण्यात येईल." ही मागणी खरी रेटायची असेल तर खासदारांकडे द्या. तो संसदेचा प्रश्न आहे.

पण बंदीची वाट बघत फवारू नका. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. डोक्याइतकी वाढलेली दाट पऱ्हाटी, बॅटरी पंपाचा बारीक फवारा, दमट हवा, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, अंगावर भिजलेला सदरा. त्यातले बरेचसे दुसऱ्याच्या शेतात रोजीनं फवारायला गेलेले मजूर होते. त्यांच्या हाती डबा आला नव्हता, कालवलेलं पाणी आलं होतं. मजुराला औषधाचं नाव सांगा, डबा दाखवा. मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, लाळ, घाम आला की माणसाबरोबर डबाही दवाखान्यात न्या. लेबल पाहून डॉक्टरांना उतारा ठरवता येतो.

रानडुकरांचा प्रश्न तिघांनी विचारला आहे. तो कृषी खात्याचा नाही, वन खात्याचा. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांत जवळच्या वन कार्यालयात अर्ज गेला पाहिजे. माझ्याकडे चौथ्या दिवशी आलात तर मी फक्त हळहळू शकतो. धुऱ्यावरच्या तारेत वीज सोडू नका. त्यात डुकराआधी शेजाऱ्याचा पोरगा सापडतो.

शेवटचा प्रश्न एका ताईंचा, आणि मला सगळ्यांत आवडलेला: "अधिवेशनाच्या आधी आमदारांना निवेदन द्यायचं आहे. काय लिहू, म्हणजे मंत्र्यांना टाळता येणार नाही?"

ताई, "शेतकरी हवालदिल झाला आहे" हे लिहू नका. ते उत्तरात एका ओळीत संपतं. एकच विषय घ्या. किती जणांनी, कोणत्या तारखेला, कुठल्या कार्यालयात अर्ज दिले आणि त्यांचे आवक क्रमांक काय, हे लिहा. त्यातल्या किती अर्जांवर पंचनामा झाला नाही, तेही लिहा. गावांची नावं घाला. आकडा शंभराचा असो वा सातचा, खरा असू द्या. वाढवलेला आकडा खाली आमच्याकडे तपासायला आला की सगळं निवेदनच हलकं होतं. आधीच्या अधिवेशनात मंत्र्यांनी त्याच विषयावर काही कबूल केलं असेल, तर तारखेसह तेही लिहा. सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणारी आश्वासन समिती असते, आमदारांना तिथंही विषय नेता येतो.

प्रश्नाची सूचना बरीच आधी द्यावी लागते. अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन गेलात, तर आमदार फोटो काढून ठेवतील आणि विषय पुढच्या अधिवेशनावर जाईल. एक प्रत माझ्या कार्यालयात द्या आणि आवक शिक्का मारून घ्या. प्रश्न खाली आला की उत्तराच्या फाइलला मी तीच प्रत लावतो.