डेव्हिड बानसन यांचं करिअर, आणि त्यांचं ऐकावं की नाही

तुम्ही विचारलंय की डेव्हिड बानसन आधी वेल्थ मॅनेजर होते, आता अमेरिकेत टीव्हीवर आणि मासिकांत कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे उजव्या विचारांचे, आर्थिक भाष्यकार म्हणून दिसतात, तर गाडी या रुळावर आली कशी, आणि अशा माणसाचं मार्केटबद्दलचं बोलणं मनावर घ्यावं की राजकारण म्हणून सोडून द्यावं. मी नाशिकला म्युच्युअल फंड डिस्ट्रिब्युटर आहे, चौदा वर्षं हेच करतोय, आणि त्यांचं शुक्रवारचं पत्र बरीच वर्षं न चुकता वाचतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक तर "आधी होते" हे खरं नाही. ते आजही तेच काम करतात. कॅलिफोर्नियात न्यूपोर्ट बीचला त्यांची बानसन ग्रुप नावाची फर्म आहे, लोकांचे अब्जावधी डॉलर सांभाळते, आणि पैसे कुठे लावायचे याचा शेवटचा शब्द त्यांचाच असतो. भाष्यकारी ही या कामातूनच निघाली असं माझं ठाम मत आहे, आणि हे लक्षात घेतलं नाही तर बाकीचं करिअर कळतच नाही.

वडील ग्रेग बानसन हे प्रेस्बिटेरियन पाद्री आणि धर्मशास्त्राचे अभ्यासक होते, वादविवादात नावाजलेले. १९८५ मध्ये नास्तिक विचारवंत गॉर्डन स्टाइन यांच्याशी त्यांचा देव आहे की नाही यावर अर्व्हाइनच्या विद्यापीठात झालेला वाद ख्रिस्ती मंडळी आजही ऐकतात. १९९५ च्या डिसेंबरमध्ये हृदयाच्या ऑपरेशननंतर ते गेले, वय ४७. मुलगा तेव्हा विशीत नुकता आलेला. मुद्दा तळापासून मांडायचा आणि समोरच्याच्या चुकीच्या गृहीतकावर बोट ठेवायचं ही मुलाच्या लिखाणातली पद्धत मला तरी वडिलांचीच वाटते.

नोकरी म्हणाल तर सहा वर्षं यूबीएस ही स्विस बँक, मग आठ वर्षं वॉल स्ट्रीटवरची मॉर्गन स्टॅन्ली, तिथे मॅनेजिंग डायरेक्टरपर्यंत, आणि २०१५ मध्ये टीम घेऊन बाहेर पडून स्वतःची फर्म. आता जागा बघा. न्यूपोर्ट बीच हे ऑरेंज काउंटीत, जो भाग पिढ्यान्‌पिढ्या रिपब्लिकनांचा गड मानला गेला, आणि सबप्राइम कर्जांचं, म्हणजे परतफेडीची फारशी खात्री नसलेल्यांना दिलेल्या गृहकर्जांचं, माहेरघरही तोच. न्यू सेंच्युरी ही मोठी सबप्राइम कंपनी शेजारच्या अर्व्हाइनमधली, एप्रिल २००७ मध्ये तिने दिवाळं काढलं. म्हणजे घरांचा फुगा फुटताना या माणसाने तो पेपरात वाचला नाही, त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांतच ते घडत होतं.

पुढच्या वर्षी, २००८ मध्ये, १५ सप्टेंबरला लेहमन ही बडी गुंतवणूक बँक बुडाली आणि लोक म्हणायला लागले आता नंबर मॉर्गन स्टॅन्लीचा. शेअर १० डॉलरच्या खाली आला. शेवटी जपानच्या मित्सुबिशी यूएफजे बँकेने ९ अब्ज डॉलर घातले, आणि त्या दिवशी बँकांना सुट्टी असल्यामुळे पैसे ट्रान्सफर होईनात म्हणून चक्क ९ अब्जांचा कागदी चेक हातात दिला गेला. अशा वेळी मॉर्गन स्टॅन्लीत बसून क्लायंटचे फोन घ्यायचे म्हणजे काय याची कल्पना करा, समोरचा विचारणार माझे पैसे सुरक्षित आहेत का आणि तुमची स्वतःची कंपनी सोमवारी उघडेल की नाही हे तुम्हालाच माहीत नाही. दर आठवड्याला क्लायंटना लांबलचक पत्र लिहायची सवय त्यांना त्याच काळात लागली, पुढे त्याचंच डिव्हिडंड कॅफे झालं, मी वाचतो ते शुक्रवारचं पत्र हेच. आज टीव्हीवर जे दिसतं त्याचं मूळ त्या पत्रात आहे.

हे मला इतकं का भिडतं ते सांगतो. २०२० च्या मार्चमध्ये रविवारी जनता कर्फ्यू झाला, थाळ्या वाजल्या, आणि सोमवारी २३ तारखेला मार्केट उघडल्या उघडल्या लोअर सर्किट, ४५ मिनिटं ट्रेडिंग बंद. दिवसअखेर निफ्टी १३ टक्के खाली. दुपारी माझ्या एका क्लायंटचा फोन आला, सिडकोत राहणारे रिटायर्ड शिक्षक, आवाज थरथरत होता, "अहो, उरलंय तेवढं तरी वाचवा." मी दहा मिनिटं समजावलं, पण खरं सांगायचं तर माझीही पाचावर धारण बसली होती, आणि मी त्यांचं सगळं रिडीम करून, म्हणजे युनिट विकून पैसे काढून, दिलं. ११ महिन्यांनी निफ्टी १५ हजारांवर, म्हणजे त्या दिवसाच्या जवळजवळ दुप्पट. सरांनी मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच जास्त लागलं. त्याच दिवसांत बानसन रोज लिहीत होते, कोविड आणि मार्केट या विषयावर रोज एक टिपण, आकडे, साथ कुठे पोचली, बाँडच्या बाजारात काय अडकलंय, फेडने (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने) काय केलं, आणि त्यातून क्लायंटने आज काय करायचं. मी ते वाचत होतो आणि माझ्या दोनशे कुटुंबांना मात्र एक ओळ पाठवली नव्हती. आता दर शुक्रवारी मराठीत पाठवतो.

बानसन यांची गुंतवणुकीची मूळ कल्पना डिव्हिडंड (कंपनी नफ्यातून शेअरधारकांना वाटते ते पैसे) वाढत जाणाऱ्या कंपन्या ही आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. समजा एक कोटी जमलेत आणि घरखर्चाला वर्षाला सहा लाख लागतात. मार्केट ३५ टक्के पडलं तर राहिले ६५ लाख, त्यातून युनिट विकून सहा काढले की ५९, आणि आता परत एक कोटीवर यायला जवळजवळ ७० टक्के वाढ हवी. रिटायर्ड माणसाला मारणारी गोष्ट ही, पडत्या बाजारात विकून खावं लागणं. त्याऐवजी १०० रुपयांच्या शेअरवर ३ रुपये डिव्हिडंड मिळत असेल आणि तो वर्षाला ८ टक्क्यांनी वाढत गेला तर नऊ वर्षांत ६ रुपये होतो, शेअरचा भाव मधे काही का असेना, झाडाला हात न लावता फळं खायची. अर्थात फळं येतीलच याची खात्री नाही. २००९ मध्ये जनरल इलेक्ट्रिकसारख्या कंपनीनेही तिमाहीचा डिव्हिडंड ३१ सेंटवरून १० सेंटवर आणला, म्हणून कंपनीच्या हातात खरोखर रोख किती येते हे बघणं हेच यातलं निम्मं काम.

आता कॉन्झर्व्हेटिव्ह भाष्यकार हा भाग. नॅशनल रिव्ह्यू या जुन्या मासिकात लिहिणं, तिथला पॉडकास्ट, टीव्हीवरच्या चर्चा, पुस्तकं. २०१८ च्या पुस्तकात त्यांनी २००८ च्या संकटाबद्दल म्हटलंय की वॉल स्ट्रीट आणि सरकार दोषी आहेतच, पण ऐपत नसताना घर घेणारे आणि भाव उतरल्यावर हप्ता भरता येत असूनही किल्ल्या बँकेकडे टाकून निघून गेलेले साधे लोकही जबाबदार आहेत. हे ऐकायला बोचतं, मला स्वतःला यात कर्ज विकणाऱ्या एजंटांना जरा स्वस्तात सोडलंय असं वाटतं. सरकारी कर्ज फार वाढलं की महागाई भडकते असं त्यांच्या बाजूचे बरेच जण म्हणतात, बानसन मात्र जपानचं उदाहरण देऊन म्हणतात की तसं कर्ज अर्थव्यवस्थेच्या वाढीचा वेगच खाऊन टाकतं. ते सोनं-बिटकॉइनवाल्यांतले नाहीत.

आणि घरचा आहेर द्यायला ते कचरत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांनी टॅरिफ, म्हणजे आयात मालावरचे कर, जाहीर केले आणि अमेरिकन बाजार आठवड्याभरात १२ टक्के पडला, तेव्हा त्यांच्याच बाजूचे कितीतरी लोक टाळ्या वाजवत होते, बानसन यांनी मात्र टॅरिफ म्हणजे आपल्याच लोकांवरचा कर असं उघड मांडलं. ज्याचं जळतं त्याला कळतं, क्लायंटच्या स्टेटमेंटवर आकडा दिसतो ना. आपल्याकडेही ७ एप्रिलला निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त आपटला, सिडकोच्या सरांचा फोन आला, मी जरा धास्तावूनच उचलला, तर म्हणाले, "तुमचं शुक्रवारचं वाचलंय, मी विचारत होतो एसआयपीची तारीख दहाच ना?"

म्हणून ऐकावं का, तर ऐकावं, पण पडताळून. अमेरिकेत १० कोटी डॉलरच्या वर शेअर सांभाळणाऱ्या मॅनेजरला दर तिमाहीनंतर ४५ दिवसांत फॉर्म १३-एफ भरावा लागतो, त्यात कुठले शेअर किती आहेत ते सगळ्यांना फुकट दिसतं. टीव्हीवर एक आणि पोर्टफोलिओत दुसरं असेल तर तिथे उघडं पडतं. नुसता अंदाज बरोबर येण्यावर भुलू नका, पीटर शिफ या अमेरिकन ब्रोकर-भाष्यकाराने अमेरिकन घरांचा फुगा फुटणार हे आधी सांगितलं होतं, तरी २००८ मध्ये त्यांच्या बऱ्याच क्लायंटना परदेशी शेअरमध्ये मोठा फटका बसला.

आणि हे जसंच्या तसं इथे उचलू नका. तिकडे अटीत बसणाऱ्या डिव्हिडंडला ०, १५ किंवा २० टक्के असा वेगळा दर आहे, आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून त्यावर तुमच्या इन्कम टॅक्स स्लॅबप्रमाणे कर लागतो, ३० टक्केवाल्याच्या हातात किती उरतं ते बघा. शिवाय निफ्टीचा डिव्हिडंड यील्डच (भावाच्या मानाने वर्षाला मिळणारा डिव्हिडंड) सव्वा टक्क्याच्या आसपास, त्यावर नाशिकमध्ये कुणाचं घर चालणार नाही. ऐकायला सुरुवात करणार असाल तर शुक्रवारचं अख्खं पत्रच घ्या. टीव्हीवरचे चार मिनिटांचे तुकडे नकोत, तिथे अँकर मधेच तोडतो आणि कारण सांगायचं राहूनच जातं.