जुना डोझर स्वतःच दुरुस्त करायचाय? आधी चेनचा ताण मोजा

तुम्ही विचारलंय की नागपूरजवळ शेती आहे, बीईएमएल कंपनीचा जुना, चाकांऐवजी चेनवर चालणारा डी-५० डोझर स्वस्तात मिळतोय, तुम्ही मेकॅनिक नाही पण हाताला पाना-स्क्रूड्रायव्हरची सवय आहे, तर देखभाल-दुरुस्ती स्वतः जमेल का आणि परवडेल का.

जमेल. फक्त घरात एखादे भाऊजी असतील तर त्यांच्या हातात ग्रीस गन देऊ नका.

इंजिनावर मी शब्द खर्च करत नाही. तेल, फिल्टर, एअर क्लीनर, रेडिएटरच्या जाळीतला कचरा हे ट्रॅक्टर सांभाळणाऱ्याला सांगावं लागत नाही, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की ती जाळी का साफ ठेवायची हे मशीनच सांगते. चेनच्या मशीनमध्ये माणूस बुडतो तो खालच्या सामानात. देखभालीचा जवळपास निम्मा पैसा चेन, मशीनचा भार पेलणारे रोलर, चेनला पुढून वळवणारं आयडलर चाक आणि मागून फिरवणारं दातेरी स्प्रॉकेट खातात. तरी जुनी मशीन पाहायला जाणारा आधी इंजिनाचा आवाज ऐकतो आणि खूश होऊन बयाणा देऊन येतो.

आमचाही डी-५०च होता. उमरेडकडे शेत सपाट करणं, बांध घालणं, शेततळी, अशी कामं. मी आणि भाऊजी भागीदार. एका पावसाळ्याच्या तोंडाशी काळ्या मातीत डावी चेन उतरायला लागली. जरा वळण घेतलं की आयडलरवरून बाहेर. भाऊजींचं निदान तयारच होतं. "ढिली हाय. ग्रीस मार." मारलं. चेन ताणायची ती अॅडजस्टर नावाच्या सिलिंडरमध्ये ग्रीस भरून. चेन एकतारीच्या तारेसारखी ताणली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ढिली, पुन्हा ग्रीस. मी म्हटलं, भाऊजी, एवढं ग्रीस जातं कुठं ते तरी पाहू. तर म्हणाले, "तू कायले डोकं लावून राहिला बे? जिंदगी गेली मशिनी चालवण्यात माही."

चालवण्यात गेली हे खरं. उघडण्यात नाही.

शेवटी ते एका लग्नाला गेले तेव्हा मी ट्रॅक फ्रेमवरचं झाकण काढलं. आत सगळं ग्रीसच ग्रीस. अॅडजस्टरच्या सिलिंडरचं पॅकिंग गेलं होतं. आपण गनने दाब देतो, सिलिंडर आयडलरला पुढे ढकलतो, काम सुरू झालं की ग्रीस मागून गळतं आणि आयडलर परत मागे. कामठी रोडला ऑटोमोटिव्ह चौकाजवळच्या एका दुकानात नमुना दाखवून पॅकिंग आणलं. त्याच्या किमतीपेक्षा जास्त पैशांचं ग्रीस आम्ही तोवर मातीत घातलं होतं.

पण तोवर नुकसान झालंच होतं. ताणलेल्या चेनमध्ये कड्या जोडणारी पिन आणि तिच्यावरची नळी, म्हणजे बुश, एकमेकांवर दाबून घासत राहतात, बुश स्प्रॉकेटचे दात खातो, रोलर आणि स्प्रॉकेट फिरवणाऱ्या गिअरवर, म्हणजे फायनल ड्राइव्हवर, फुकटचा भार येतो. त्यात आपली काळी माती दातांच्या बेचक्यात बसून वाळली की तीच चेनला आणखी ताणते. म्हणून ताण मशीन धुऊन कोब्यावर उभी करून बघायचा नाही. ज्या चिखलात काम चाललंय त्याच चिखलासकट बघायचा. मशीन थोडी पुढे घ्या, ब्रेक न दाबता आपोआप थांबू द्या, चेनचा वरचा भाग पेलणारा टॉप रोलर आणि आयडलर यांच्यामध्ये चेनवर सरळ लोखंडी अँगल ठेवा आणि मधला झोल मोजा. डी-५०ला साधारण २० ते ३० मिलिमीटर हवा. भाऊजींच्या चेनवर अँगलखाली करंगळीसुद्धा जात नव्हती.

मग दुसरं भांडण. दात टोकदार झालेले पाहून भाऊजी म्हणाले, नवं स्प्रॉकेट टाकू. मी नाही म्हटलं, आणि आजही नाहीच म्हणतो. आमच्या डोझरसारखी, पिनांच्या आत तेल नसलेली जुनी चेन झिजली की तिच्या दोन पिनांमधलं अंतर वाढतं. नव्या स्प्रॉकेटचे दात नव्या अंतराचे. दोघांचं जमत नाही आणि नवं सामान जुन्याच्या मापाला झिजायला लागतं. चेन ताठ करून चार कड्यांचं माप पिनपासून पिनपर्यंत टेपने घ्या, मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा, मग बोला. आमचं माप पलटी करण्याजोगं होतं. प्रेसवाल्याकडे पिन-बुश अर्धा फेरा फिरवून घेतले, म्हणजे न झिजलेली बाजू कामाला आली. दातांचीही न झिजलेली बाजू लागावी म्हणून दोन्ही स्प्रॉकेट डावं-उजवं बदललं, त्यासाठी पुलर भाड्याने आणला. पुढे मशीन विकेपर्यंत चेन उतरली नाही. भाऊजी अजून प्रत्येक पंगतीत सांगतात की नवं स्प्रॉकेट टाकलं असतं तर डोझर विकावा लागला नसता. विकला तो शेततळ्यांची कामं पोकलेनवाल्यांकडे गेली म्हणून. स्प्रॉकेटचा त्यात काय संबंध, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

परवडण्याचं म्हणाल तर ते वर्षाकाठी किती तास काम आहे त्यावर आहे. स्वतःच्या शेतापुरता घेत असाल तर भाड्याचा आणलेला बरा. घ्यायचाच असेल तर फायनल ड्राइव्हचा चुंबकवाला प्लग उघडायला लावा. राखाडी लगदा चालेल, चमकणारे कपचे दिसले तर निघून या. रोलरच्या कडेला तेल ओघळलंय का पाहा. आणि चालवणारा लांब अंतर रिव्हर्समध्ये पळवत होता का ते विचारा, कारण रिव्हर्समध्ये बुश आणि स्प्रॉकेट जास्त झिजतात.

हे आधी लिहायला हवं होतं, पण आता तरी नीट वाचा. चेन सैल करताना अॅडजस्टरचा प्लग एका फेऱ्यापेक्षा जास्त कधीच उघडायचा नाही, आणि त्याच्या समोर तोंड नेऊन बघायचं नाही. आतल्या दाबाचं ग्रीस कातडीत घुसतं. ग्रीस येत नसेल तर मशीन जरा पुढे-मागे करा, प्लग आणखी सोडू नका. आयडलरमागची मोठी स्प्रिंग घरी उघडायचीच नाही, ती दाबून बसवलेली असते, सुटली तर माणूस उरत नाही. ब्लेड उचलून त्याखाली जायचं असेल तर आधी लाकडी स्लीपर लावा, हायड्रॉलिकच्या भरवशावर राहू नका. चेन सोडवायची मास्टर पिन घणाने काढताना चष्मा लावा, पोलादाची कपची डोळ्यात जाते. इंजिनाचे डिझेल पंप-नोझल डिझेल लॅबलाच द्या.

आणि विकणारा अभिमानाने म्हणाला की "चेन कालच टाइट केली", तर त्याला विचारा परवा कशी होती.